पाकिस्तानात कट्टरपणा रुजला कसा? अभ्यासिकेतल्या भांडणावरून एक प्रश्न

अभ्यासिकावाली_नाशिक

नमस्कार मंडळी. अशोकस्तंभापासून पाच मिनिटांवर माझी अभ्यासिका आहे. चाळीस टेबलं, दोन कूलर आणि पाण्याचा एक जार, जो नेहमी रिकामाच असतो. पोरं जिल्हाभरातून येतात. राज्यसेवा, पीएसआय, तलाठी, जी जाहिरात निघेल ती भरतात. नऊला मी कुलूप लावते, पण ही मंडळी साडेदहापर्यंत खालच्या चहाच्या टपरीवर उभी असतात आणि देशाचे, जगाचे सगळे निकाल तिथेच लावतात.

गेल्या आठवड्यात निकाल लागला नाही, जुंपली. सिन्नरचा एक मुलगा म्हणाला, पाकिस्तानात जे चाललंय ते त्यांच्या धर्मातूनच आलंय, त्यात शोधायचं काय? कळवणचा म्हणाला, सगळं अमेरिकेने आणि सौदीने केलं, डॉलर आणि रियाल ओतले, बाकी लोक बिचारे गरीब. आवाज चढले. आता दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात आणि चार्जर हवा असला तर तिसऱ्याकरवी मागतात. शेवटी माझ्याकडे आले. ‘मॅडम, तुम्ही इतिहासवाल्या, तुम्हीच सांगा.’

मी इतिहासात एम.ए. केलं ते १९९८ साली, आणि आमच्या अभ्यासक्रमावर १९४७ लाच पडदा पडायचा. पुढचं पाकिस्तान मला क्रिकेट आणि बातम्या यांपलीकडे माहीत नाही, हे त्यांना सांगायची लाज वाटली.

माझा प्रश्न असा. ११ ऑगस्ट १९४७ ला जिना कराचीत संविधान सभेपुढे सांगतात, की तुम्ही तुमच्या देवळात जायला मोकळे आहात, मशिदीत जायला मोकळे आहात, तुमचा धर्म कोणता याच्याशी राज्यकारभाराचा संबंध नाही. आणि १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या शाळेत बंदूकधारी घुसून १३० हून जास्त मुलं मारतात. मारणारे धर्माचं नाव घेणारे, मेलेली मुलंही त्याच धर्माची. मधल्या सदुसष्ट वर्षांत कुठली पायरी कुठे आली? आलेलं फॉरवर्ड इथे चिकटवू नका, प्लीज. ते माझ्याकडे आधीच आहे, सात जणांकडून.

सरळ_बोल

ताई, एवढा विचार कशाला? त्यांच्या ग्रंथातच आहे सगळं. विषय संपला.

तोफखाना_देवळाली

मी देवळालीत तोफा शिकलो आणि नोकरीतली बरीच वर्षं त्याच सीमेकडे तोंड करून काढली. पलीकडच्यांबद्दल गोड बोलायची मला सवय नाही. तरी ‘विषय संपला’ म्हणणाऱ्या भावाला विचारतो, ग्रंथ तोच, चौदाशे वर्षांचा. मग पाकिस्तानात आत्मघाती स्फोटांची रांग २००७ नंतरच का लागली? जगात सर्वांत जास्त मुसलमान इंडोनेशियात राहतात. तिथेही बालीत २००२ साली २०२ माणसं मारली गेली. पण तिथल्या सरकारने त्या टोळ्या मोडल्या. पाकिस्तानने पोसल्या.

१९७९ च्या डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. अमेरिकेने पैसा आणि शस्त्रं दिली, सौदीने डॉलरला डॉलर लावला, वाटप मात्र आयएसआयच्या हातात. आणि वाटणाऱ्याने सर्वांत मोठा वाटा दिला तो हिकमतयारसारख्या कडव्या अफगाण नेत्यांना, कारण अफगाण राष्ट्रवादी मंडळी उद्या पाकिस्तानातला पश्तुनांचा प्रदेश मागतील ही त्याला धास्ती. अमेरिकेच्या नेब्रास्कातल्या एका विद्यापीठाने सरकारी पैशातून अफगाण मुलांसाठी पाठ्यपुस्तकं करून दिली. त्यांत बेरीज-वजाबाकी शिकायची ती गोळ्या आणि रायफली मोजून. ही थट्टा नाही.

१९८९ च्या फेब्रुवारीत रशियन परत गेले. बंदुका, तळ, शिकवणारे, सगळं जागेवर. रावळपिंडीने, म्हणजे त्यांच्या लष्करी मुख्यालयाने, ते काश्मीरकडे वळवलं. एक डिव्हिजन उभी करायला काय खर्च येतो ते मला ठाऊक आहे. त्या मानाने ओकारा जिल्ह्यातला चौथीत शाळा सुटलेला पोरगा फार स्वस्त पडतो. कसाब तिथलाच, फरीदकोटचा.

पुढे २००१ नंतर मुशर्रफ अमेरिकेच्या बाजूला गेले. जुलै २००७ मध्ये इस्लामाबादेतल्या लाल मशिदीवर लष्कर घातलं. डिसेंबर २००७ ला त्याच लष्करावर उलटलेल्या टोळ्यांची तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान जाहीर झाली. ताई, पेशावरची ती शाळा लष्कराची होती, म्हणून त्यांनी निवडली.

आता कळवणच्या चिरंजीवांना. १९५३ साली लाहोरात अहमदिया या छोट्या पंथाविरुद्ध इतकी दंगल पेटली की शहर लष्कराच्या ताब्यात द्यावं लागलं. तेव्हा ना डॉलर होता, ना रशियन. खातं आधीच उघडलेलं होतं. अमेरिकेने त्यात भरणा केला.

उन्हाळकांदा

तोफखानासाहेबांनी दुर्बिणीतून पाहिलं, मी खोलीतून सांगतो. जरा लांबेल.

मी निफाड तालुक्यातला. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला गचकलो. २००५ ते २०१६ दुबईत अल अवीरच्या भाजी मार्केटात आपल्याकडच्या एका निर्यातदाराचा माल उतरवून घ्यायचं काम केलं. कंटेनर उघडायचा, कोंब आलेली गोणी बाजूला काढायची, भाव फुटेपर्यंत फोनवर शिव्या खायच्या. दुबईच्या देरा भागात एका खोलीत सहा जण राहायचो. त्यातला एक पाकिस्तानचा, झंग गावचा. त्याच्याकडे सिंधचा कांदा आणि थंडीत किन्नू संत्री. म्हणजे दिवसभर तो आणि मी एकमेकांच्या गिऱ्हाइकाच्या मागे, आणि रात्री एकाच कुकरमधली डाळ. आपल्या दिल्लीने निर्यात बंद केली की दुसऱ्या दिवशी याचा कांदा वर. मग मला म्हणायचा, ‘भाईजान, आपकी सरकार को मेरा सलाम.’ मी त्याला झंगवाला म्हणायचो, तो मला नाशिक.

२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा तीन रात्री टीव्ही बंद झाला नाही. झंगवाला त्या तीन दिवसांत खोलीत जेवला नाही. आम्ही झोपल्यावर यायचा, आम्ही उठायच्या आत मार्केटला. चौथ्या दिवशी मी त्याला ट्रकच्या फळीवर गाठलं आणि तुम्ही विचारलाय तोच प्रश्न विचारला. पण नीट नाही, गचांडी धरल्यासारखा. तो म्हणाला, माझा धाकटा भाऊ त्यांच्यातलाच होता. मुंबईवाल्यांतला नव्हे, झंगवाल्यांतला. मला तोवर माहीत नव्हतं की त्यांच्यात अशी वेगवेगळी दुकानं आहेत.

पुढे तुकड्यातुकड्याने सगळं सांगितलं. ते आता जोडून लिहितो, साल-तारखा मी नंतर ताडून घेतल्या.

झंग म्हणजे हीर-रांझातल्या हीरचं गाव, तिची मजार तिथेच आहे. अब्दुस सलाम, १९७९ चे पदार्थविज्ञानाचे नोबेलवाले, तेही झंगमध्येच वाढले. ते अहमदिया. १९७४ च्या सप्टेंबरात पाकिस्तानच्या संसदेने घटनादुरुस्ती करून टाकली, की अहमदिया हे मुसलमान नव्हेत. आणि हे कुणी केलं, पुढे आलेल्या लष्करशहा झियांनी नव्हे, पंतप्रधान भुट्टोंनी. दारू पिणारा, समाजवाद बोलणारा माणूस. मौलवींचं आंदोलन थोपवायचं होतं, केलं. सलाम यांच्या कबरीच्या दगडावर ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ असं कोरलेलं होतं, त्यातला ‘मुस्लिम’ शब्द पुढे सरकारी हुकमाने खोडून काढला. झंगवाला म्हणायचा, आमच्याकडे कोण मुसलमान हे मतदानाने ठरलं, आणि एकदा मतदानाने ठरतं म्हटल्यावर पुढचा ठराव कुणावर यायचा हाच प्रश्न राहिला.

आता त्याच्या घरचं. त्याचे आजोबा मुजारा होते, म्हणजे आपल्याकडचं कूळ. माझेही आजोबा कूळच. फरक ऐका. आमच्याकडे १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन आला आणि आजोबांचं नाव सात-बाराला लागायची वाट मोकळी झाली. भांडणं झाली, मामलेदार कचेरीत चपला झिजल्या, पण जमीन आली. आज त्यातल्या दीड एकरात माझी द्राक्षबाग आहे. त्यांच्याकडे जमीन सुधारणेचे कायदे तीनदा झाले. १९५९, १९७२ आणि १९७७. दर वेळी मोठ्या घराण्यांनी जमीन भावाच्या, पुतण्याच्या, गड्याच्या नावावर चढवून ठेवली. आणि १९८९ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत पीठाने सांगितलं की जमिनीवर अशी कमाल मर्यादा घालणं हेच इस्लामविरुद्ध आहे. संपली सुधारणा. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. नंतर वाईट वाटलं, कारण आमचं सगळं घर, माझी बहीण शिकली ती, मी नापास झालो तो, सगळं त्या सात-बाराच्या कागदावर उभं आहे.

तर मुजाऱ्याचा मुलगा, झंगवाल्याचा बाप, शेत सोडून शहरात आला आणि तेलाचं दुकान टाकलं. बाजारात १९४७ ला पूर्व पंजाबातून आलेले निर्वासित व्यापारी भरपूर. हातात पैसा आला, पण पोलीस ठाणं, कचेरी आणि निवडणुकीचं तिकीट अजून खेड्यातल्या बड्या जमीनदारांकडे. त्या घराण्यांतली बरीचशी शिया, काही तर पीरांच्या गादीची. लोक त्यांच्या पायाला हात लावायचे. त्यांच्याविरुद्ध नुसतं बोलायची सोय नव्हती. झंगवाल्याच्या भावाला एकदा मोटारसायकल वाटेत उभी केली म्हणून ठाण्यात नेऊन मारलं होतं. तक्रार कुणाकडे करणार, ठाणेदारच शहासाहेबांचा, म्हणजे तिथल्या जमीनदाराचा.

१९८५ साली झंगमधल्याच एका मशिदीचे खतीब, म्हणजे प्रवचन देणारे, हक नवाज झंगवी, यांनी सिपाह-ए-सहाबा काढली. शिया काफर आहेत, ही त्यांची घोषणा. बघा हं, जमीनदार असं म्हटलं की पोलीस येणार. शिया असं म्हटलं की लाऊडस्पीकर मिळणार, मदरसा मिळणार, इराणच्या क्रांतीने बिथरलेल्या आखातातून पैसा मिळणार, आणि इस्लामाबादेत झिया बसलेले, ते काणाडोळा करणार. आमच्या बाजार समितीत चार खिडक्या असतात आणि तीन बंद. पावती जिथे फाटते तिथेच रांग लागते. त्या पोरांनी धर्म वाचून रांग लावली असं मला वाटत नाही. आपलं काम होईल अशी दुसरी एकही खिडकी गावात उघडी नव्हती.

झंगवी १९९० ला मारले गेले. १९९६ ला त्यांच्या नावाने लष्कर-ए-झंगवी निघाली, ती आणखी कडवी. आणि मेले कोण? शहासाहेब नव्हेत, त्यांच्याभोवती बंदूकवाले असायचे. मेले ते शिया डॉक्टर, शिक्षक, मजलिसीला, म्हणजे धार्मिक सभेला, बसलेली माणसं. २०१३ मध्ये क्वेट्टात दोन महिन्यांत दोन मोठे स्फोट झाले, हजारा नावाच्या शिया जमातीचे लोक शेकड्यांनी गेले. त्यांचा झंगच्या जमिनीशी काय संबंध? काही नाही. भांडण गावातून निघालं तेव्हा त्याला पत्ता होता, मग पत्ता हरवला.

त्याचा भाऊ आता नाही. कसा गेला ते मी विचारलं नाही.

एक राहिलं. १९८० ला झियांनी जकात, म्हणजे मुसलमानांनी द्यायचं धर्मदान, सरकारी केली. रमजानच्या पहिल्या दिवशी बँकेच्या बचत खात्यातून अडीच टक्के परस्पर कापायचे. शियांनी जुलैमध्ये इस्लामाबादेत मोठं आंदोलन केलं, आमची फिकह, म्हणजे धर्मकायदा, वेगळी, आम्ही सरकारला जकात देणार नाही. सरकार नमलं, शियांना सूट दिली. मग काय झालं असेल? व्यापारी माणूस तो व्यापारीच. कित्येक सुन्नींनी बँकेत लिहून दिलं की आम्ही शिया आहोत. तेवढे अडीच टक्के वाचले. बाकीच्यांच्या कापलेल्या जकातीतून मदरशांना अनुदान जायचं. झंगवाल्याच्या बापानेही लिहून दिलं होतं. त्या कागदाची एक वेगळीच गोष्ट आहे. आज हात दुखला.

वकीलबाई_जुनं_नाशिक

काका, तुमचं वाचताना मी दोनदा चहा गार केला. पण एका ठिकाणी अडते, ते सांगते.

आधी माझ्याबद्दल. मी जुन्या नाशकातली, लहानपणापासून आजीचं बोट धरून बडी दर्ग्यात जाणारी. लाहोरात काही झालं की कोर्टाच्या कँटीनमध्ये दोन-तीन माना माझ्याकडे वळतात. जणू मी तिथली प्रवक्ती. मी नाशिकबाहेर सर्वांत लांब गेले ती हैदराबादला, नणंदेच्या लग्नात. असो, सवय झाली आहे.

तर अडते कुठे. जमीन, ठाणं, खिडकी, हे झंगला लागू पडतं. पण ४ जानेवारी २०११ ला पाकिस्तानी पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर ईशनिंदेच्या कायद्याविरुद्ध बोलले म्हणून त्यांना त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या, त्याला नाही लागू पडत. तो मुमताज कादरी काही मुजाऱ्याचा सूड उगवत नव्हता. पगारी पोलीस होता, आणि बरेलवी होता. म्हणजे दर्ग्यावर जाणारा, नात म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं म्हणणारा, आमच्या आजीच्या वळणाचा. ‘सूफी मऊ, देवबंदी कडक’ अशी जी सोपी वाटणी आपण करतो ना, मीही करायचे, ती त्या दिवशी माझ्यापुरती बाद झाली. कोर्टात आणलं तेव्हा त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या कुणी उधळल्या? वकिलांनी. काळे कोट घातलेल्या माझ्या व्यवसायबंधूंनी. तो व्हिडिओ मी आजही पुरता पाहू शकत नाही.

त्यामागे कायदा आहे, आणि त्याचं मूळ खोड आपलंच. १८६० च्या दंडसंहितेत कलम २९५ आहे, १९२७ ला इंग्रजांनी २९५-अ घातलं, दोन्ही देशांनी ते वारशात घेतलं. त्यात हेतू सिद्ध करावा लागतो. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने, असे शब्द आहेत. झियांच्या काळात पाकिस्तानात त्याला जोड मिळाली. १९८२ ला २९५-ब, कुराणाच्या विटंबनेला जन्मठेप. १९८४ ला अहमदियांसाठी खास कलमं, त्यांनी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणायचं नाही, अजान द्यायची नाही. आणि १९८६ ला २९५-क, पैगंबरांच्या अवमानाला फाशी किंवा जन्मठेप. पुढे संघीय शरियत न्यायालयाने जन्मठेपेचा पर्यायही काढायला लावला. २९५-क मध्ये हेतूचा शब्दच नाही. वकील म्हणून सांगते, हेतू काढून घेतलात की उरतो फक्त आरोप. आणि आरोपातले शब्द साक्षीदाराने कोर्टात पुन्हा उच्चारायचे तर तोही गुन्हा ठरेल, म्हणून पुरावा तपासणंही मुश्कील.

या कलमाखाली सरकारने आजवर एकालाही फासावर चढवलेलं नाही. गरजच पडली नाही. १९९७ ला लाहोरात न्यायमूर्ती आरिफ इक्बाल भट्टी मारले गेले, त्यांनी दोन ख्रिश्चन आरोपींना सोडलं होतं. २०१४ ला मुलतानमध्ये वकील राशिद रहमान त्यांच्याच कार्यालयात मारले गेले, त्यांनी वकीलपत्र घेतलं होतं. खालची कोर्टं शिक्षा ठोठावून मोकळी होतात, सोडायची जोखीम वरच्यांनी घ्यावी. आसिया बीबीला तसंच २०१० ला फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑक्टोबरात सोडलं. भांडण कशावरून होतं? शेतात एकाच भांड्यातून पाणी प्यायल्यावरून. ‘तू ख्रिश्चन, तुझ्या हातचं पाणी बाटलं.’ काळाराम मंदिराच्या गावात हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून काका, तुमची खिडकी मला पटते, पण ती खिडकी सरकारने कायद्याचा शिक्का मारून उघडली हे आधी. गावातली भांडणं तिच्याकडे मागून आली. पाण्याचं, जमिनीचं, नोकरीचं कसलंही भांडण असो, तिथे नेलं की जिंकता येतं. १९५३ च्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मुनीर यांनी केली. त्यांनी समोर आलेल्या उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, साधं विचारलं, मुसलमान कुणाला म्हणायचं? अहवालात नोंद आहे की कुठल्याही दोघांचं उत्तर जुळलं नाही. हे १९५४ मध्ये छापून आलं होतं. तरी वीस वर्षांनी संसदेने तीच व्याख्या करायला घेतली.

आणि हो, अहमदियांविरुद्धच्या त्या १९५३ च्या प्रकरणात ज्यांना लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली आणि पुढे सोडलं, ते जमात-ए-इस्लामी या संघटनेचे संस्थापक मौदूदी. जन्म १९०३, औरंगाबाद. आपल्या औरंगाबादचे. तेव्हा ‘हे सगळं तिकडचंच आहे’ असंही पुरतं म्हणता येत नाही.

सरळ_बोल

बरं. मौदूदी औरंगाबादचे हे माहीत नव्हतं.

तोफखाना_देवळाली

वकीलबाई, सलाम. फक्त एक भर. शिक्का सरकारचा हे खरं, पण शिक्का मारणारा हात निवडून आलेल्याचा होता आणि वर्दीवाल्याचाही. तुम्ही दोघांना एकाच पिंजऱ्यात उभं केलंत, ते आवडलं. आणि त्यांच्या वायव्य सरहद्दीचं कुणीच काढलं नाही. इंग्रजांचा १९०१ चा फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन तिथल्या पश्तून जमातींच्या मुलखात २०१८ पर्यंत चालू होता. एकाने गुन्हा केला तर अख्ख्या जमातीला शिक्षा, वकील नाही, अपील नाही. प्रौढ मताधिकारही मिळाला तो १९९७ च्या निवडणुकीला. स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षं ज्या माणसाला मत नाही नि कोर्ट नाही, त्याच्याकडे तालिबान फिरतं न्यायालय घेऊन गेली. दोन दिवसांत निकाल द्यायचे. निकाल कसले ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण द्यायचे.

अभ्यासिकावाली_नाशिक

सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावलं, सहा पानं झाली, टाचण्या कमी पडल्या.

भांडण मिटलं का? नाही. पण विषय बदलला. सिन्नरवाल्याच्या पणजोबांची चौदा एकर जमीन कूळ कायद्यात गेली होती, हे परवा बाहेर आलं. त्यामुळे तो आता निफाडच्या काकांवर चिडलेला आहे, पाकिस्तान बाजूला राहिलं. कळवणवाला आदिवासी भागातला, तो वन हक्काच्या दाव्यांवरून त्याला उत्तरं देतोय. काल दोघं पुन्हा एकाच बाकावर भांडत होते, चार्जर मधे.

काका, ती कागदाची गोष्ट राहिली.

उन्हाळकांदा

सिन्नरवाल्या दादाला सांगा, राग मानू नकोस, आमच्या आजोबांनी हप्ते भरले होते.

वकीलबाई, तुमचं पटलं. मी खिडकी पाहिली, वरची पाटी पाहिली नव्हती.

कागदाचं असं झालं. झंगवाल्याचा बाप १९९४ च्या सुमाराला गेला. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर घरच्यांनी त्याची लोखंडी पेटी उघडली. दुकानाच्या वह्या, वीजबिलं, एक जुनं घड्याळ, आणि बँकेत दिलेल्या प्रतिज्ञापत्राची नक्कल. मी अमुक, फिकह-ए-जाफरियाचा, म्हणजे शिया धर्मकायद्याचा, अनुयायी आहे, माझ्या खात्यातून जकात कापू नये. खाली बापाची सही. पेटी उघडली कुणी, तर या धाकट्या भावाने. दिवसा भिंतीवर ‘शिया काफर’ रंगवणारा तो. झंगवाला तिथेच होता. त्याने सांगितलं, भाऊ तो कागद धरून बराच वेळ बसून राहिला. बाप लबाड निघाला याचं त्याला दुःख नव्हतं. अडीच टक्क्यांसाठी व्यापारी काय करतो हे त्याला कळत होतं. पण त्या दिवसांत गावात याद्या फिरायच्या. कोणत्या गल्लीत कोण शिया, कोणत्या दुकानाचा मालक कोण. त्या करणाऱ्यांबरोबर त्याचं उठणं-बसणं. आणि इथे त्याच्या बापाच्या सहीने लिहिलेलं, की हे घर शियांचं.

कागद त्याने चुलीत घातला. मग ध्यानात आलं की ही नुसती नक्कल, मूळ प्रत बँकेत.

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ बँकेत गेले. खाते बंद करायचंय, म्हणाले, आणि वडिलांचा तो अर्जही परत द्या. कारकून म्हणाला, खातं बंद होईल, अर्ज रेकॉर्डला राहतो. भाऊ म्हणाला, तो चुकून दिलेला अर्ज आहे. कारकुनाने चष्मा वर केला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, ‘म्हणजे तुम्ही शिया नाही का?’

काउंटरच्या रांगेत पंधरा-वीस माणसं होती. त्यात कोण कोणाचं, ते बघून ओळखता येत नाही.

झंगवाला म्हणाला, भाऊ काहीच बोलला नाही. आम्ही परत आलो.